आमच्या व्हॅनमध्ये उंदरांचा संसार

मंडळी, आज डोकं फिरलंय माझं.

फिरायला जायची आमची व्हॅन, मागे झोपायला गादी बसवलेली. उद्या तोरणमाळला निघायचं म्हणून सकाळी दार उघडलं, तर असा भपकारा आला की मी नाक दाबून मागेच सरले.

घरात जागा उरली नाही म्हणून माझ्या सासऱ्यांनी, नानांनी, वेचलेला कापूस कुणाला न विचारता व्हॅनमध्ये कोंबला होता. उंदरांनी त्यातच घरटी केली, पिल्लं घातली. गादीसुद्धा कुरतडली.

दिवसभर कापूस उपसला, फिनाईलने पुसलं, लिंबं ठेवली, कापूर जाळला. वास तसाच!

संध्याकाळी नाना डोकावले. "गाडी रिकामी हुयनी ना? मंग घरमाना बठ्ठा कापूस तठेच ठेवी देऊ."

वासावरचे उपाय नंतर सुचवा. आधी नानांना काय उत्तर देऊ, ते सांगा!