पास्कूची डावी बाजू

म्हाताऱ्यांकडे किस्से माळ्यावरच्या सामानासारखे साठतात. रोज थोडे खाली काढले तरी माळा भरलेलाच. आम्हा भांडुपच्या जुन्या फुटबॉलवाल्यांच्या माळ्यावर सगळ्यात जास्त जागा पास्कूने अडवलीय.

पास्कू म्हणजे गावठाणातला पास्कल. आमचा लेफ्ट विंगर. मी राइट बॅक. सरावात त्याला अडवायचं काम माझं. ते मला कधी जमलं नाही.

*

पास्कू अनवाणी खेळायचा. एकदा शहरातल्या मोठ्या कंपनीचा कोच मॅच बघायला आला. तेव्हा कंपन्या खेळाडूंना नोकऱ्या देत. कोच त्याला म्हणाला, घेतो तुला, पण आमच्याकडे बुटांशिवाय चालत नाही. सवय कर, मग ये.

बूट आणणार कुठून? मीच त्याला सुचवलं, "फौजेची एक भरती चाललीय. वर्षातून महिनाभर कवायत, बाकी आपलं घर. बूट फुकट."

त्याने दुसऱ्याच दिवशी फॉर्म भरला. लढाई दोघांच्याही डोक्यात आली नाही.

*

बूट मिळाले, पण एक नंबर मोठे आणि विटेसारखे जड. पास्कूने मोच्याकडून तळाला चामड्याच्या गुट्ट्या ठोकून घेतल्या. पहिल्याच मॅचमध्ये त्याने पेनल्टी मारली. बॉल बाहेर गेला, बूट गोलमध्ये!

आमचा कॅप्टन विश्राम शांतपणे रेफ्रीकडे गेला. "अर्धा तरी द्या," म्हणाला.

मग चवड्याशी कापडाचे बोळे कोंबून पास्कूचा पाय बुटात बसला. कोचने ट्रायलची तारीख दिली. त्याच आठवड्यात फौजेची तार आली. एकाहत्तरची लढाई.

*

विश्रामने ठरवलं, पास्कूच्या जागी कोणाला घ्यायचं नाही. डावी बाजू रिकामी. आम्ही दहा जण खेळायचो.

मुलुंडच्या टीमच्या कॅप्टनने विचारलं, तुमचा अकरावा कुठाय?

विश्राम म्हणाला, "बॉर्डरवर."

त्या माणसाने आपला एक गडी बाहेर बसवला. दहा विरुद्ध दहा. आमचे डोळे भरून आले. मग त्यांनी आम्हाला पाच गोल घातले.

*

लढाई पंधरवड्यात संपली. पास्कू मात्र सहा महिन्यांनी परत आला. सुरुंगाचा तुकडा डाव्या गुडघ्यात घुसला होता. कोच भला माणूस. त्याने जागा ठेवली होती. रविवारी ट्रायलला ये म्हणाला.

शनिवारी पास्कूने मला मैदानावर नेलं. "दत्तू, अडव मला. खरं अडव."

तो बॉल घेऊन आला. पाय ओढत होता. मी नुसता पाय पुढे केला असता तरी बॉल माझा होता. नाही केला. घसरल्यासारखा पडलो. असं तीनदा. तिसऱ्यांदा त्याने माझी पाठ थोपटली आणि शीळ घालत घरी गेला.

रविवारी दहा मिनिटांत त्याला बाहेर बोलावलं. पुढे विश्रामला कोच भेटला. म्हणाला, गुडघा बरा नाही असं आधी सांगितलं असतं तर वर्षभर थांबलो असतो. आता वरच्या साहेबांनी बघितलं, माझ्या हातात काही राहिलं नाही.

पास्कूला हे विश्रामनेच सांगितलं. पास्कूने कांजूरमार्गच्या एका कारखान्याच्या गेटवर तीस वर्षं काढली. त्या शनिवारबद्दल तो बोलला नाही. मीही नाही.

*

गावठाणाच्या सणाला दरवर्षी लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे अशी मॅच असते. यंदा तिच्या आधी आजोबांची ठेवली. दहाच मिनिटांची. पास्कू एका बाजूला, मी दुसऱ्या.

शेवटी शेवटी बॉल त्याच्याकडे गेला. तो लंगडत निघाला तसे सगळे हसत बाजूला झाले, टाळ्या वाजवायला लागले. समोर मी एकटा उरलो.

मी पाय घातला. बॉल माझ्याकडे आला आणि पास्कू आडवा झाला.

रेफ्रीने शिट्टी मारली. कोणीतरी ओरडलं, "काका, वय बघा जरा!" पास्कूची मुलगी धावत आत आली, माझ्याकडे रागाने बघत. मी त्याच्याजवळ खाली बसलो.

पास्कू उताणा पडून माझ्याकडे बघत होता.

"दत्तू," तो म्हणाला, "पन्नास वर्षं उशीर केलास रे."