आवरते घ्यावे

माझ्या पर्समध्ये कोऱ्या चिठ्ठ्यांची एक चळत कायम असायची. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराच्या, कात्रीने नीट कापलेल्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर पनवेलमधल्या कार्यक्रमांची सूत्रसंचालक म्हणून माझं बरं नाव झालं होतं. वाचनालयाचा वर्धापनदिन असो की कुणाच्या सासऱ्यांची पंचाहत्तरी, निवेदनाला बाईच हव्यात असा आग्रह असायचा. वक्ता लांबला की त्याच्यासमोर चिठ्ठी सरकवणं हे माझं खास काम. 'कृपया आवरते घ्यावे.' माझं अक्षर चांगलं आहे. एका वक्त्याने ती चिठ्ठी भर सभेत वाचून दाखवली आणि इतक्या सुंदर अक्षरात आपल्याला आजवर कुणी गप्प केलं नव्हतं, असं सांगितलं. लोक हसले, मीही हसले. पुढे कितीतरी दिवस मी ही गोष्ट भेटेल त्याला सांगत होते.

अशीच एक चिठ्ठी मी एका भल्या माणसाला दिली, त्याबद्दल लिहायचं आहे. मला माझी लाज वाटते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे सजवायचा मोह होणार नाही. मोह मला फार लवकर होतो.

करंजाड्याला आमच्या खालच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. तळोज्याच्या रंगाच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून उभी हयात काढलेली, त्यामुळे सगळी बिल्डिंग त्यांना केमिस्टच म्हणते. बोलायला उभे राहिले की आधी घसा साफ करणार, मग चष्मा पुसणार, मग म्हणणार, "म्हणजे असं आहे बघा." त्यानंतर मुद्दा यायला बराच वेळ लागतो. सोसायटीच्या सभेत ते उठले की लोक चहा घ्यायला बाहेर जातात. मीही जायची.

दिवाळीला तीनेक आठवडे असतील. एका सकाळी केमिस्ट न कळवता आमच्या दारात उभे राहिले. आदल्या दिवशी ते नेऱ्याकडे एका मित्राच्या फार्महाऊसवर गेले होते. शेजारच्या वाडीत माकडं हाकलायला एक बंदूक वापरत होते, ती त्यांनी पाहिली. प्लास्टिकच्या पाइपची, कार्बाइडच्या गॅसवर चालणारी. बार असा की डोंगरावरून आवाज परत यावा. परतताना तीच बंदूक रस्त्याच्या कडेला विकायला मांडलेली दिसली. विकणारा सांगत होता, सायंटिफिक गन आहे, दारू नाही, धूर नाही, दिवाळीला घरच्यांसाठी घेऊन जा.

"हे खेळणं नाही, बाई. हे शस्त्र आहे," केमिस्ट म्हणाले. कारखान्यात अशाच गॅसने एका सहकाऱ्याचे डोळे गेलेले त्यांनी स्वतः पाहिले होते. तो माणूस काहीही वावगं करत नव्हता, फक्त वाकून आत बघत होता, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

त्यांना एक बैठक हवी होती, आणि तीही गुप्त. पेपरात नको, व्हॉट्सॲपवर नको. बातमी आली की मुलं मोबाईलवर शोधून ती घरीच बनवायला लागतील, अशी त्यांना भीती होती. ज्यांच्या शब्दाला वजन आहे अशा चारपाच पुढाऱ्यांना बंद दाराआड सगळं समजावायचं आणि त्यांनी आपापल्या गावात, बाजारात सांगायचं, एवढीच त्यांची योजना. पुढारी माझ्या ओळखीचे, म्हणून ते माझ्याकडे आले होते.

बोलायचं ते त्यांनी एका कागदावर लिहून आणलं होतं. कार्बाइड म्हणजे काय इथपासून सुरुवात होती. अगदी खाली, शेवटच्या ओळीला त्यांनी लाल रेघ मारली होती: 'बार झाला नाही तर नळीत डोकावू नये. गॅस आत असतो आणि उशिरा पेटतो.'

"बाकीचं विसरले तरी चालेल," ते म्हणाले. "एवढं त्यांच्या घरी पोचलं पाहिजे."

मी कागद वाचला आणि दोन ठिकाणचं शुद्धलेखन सुधारून दिलं. ही ओळ वर घ्या, पहिल्यांदा हीच सांगा, हे मला सुचलं नाही. तीस वर्षं मुलांच्या निबंधांवर 'मुख्य मुद्दा आधी' असा शेरा मारत आलेली मी.

आता पुढाऱ्यांना आणायचं कसं? धोक्याची सूचना द्यायला बोलावलंय म्हटलं तर रविवारची सकाळ कोण घालवणार? मी केमिस्टना सरळ सांगितलं की सत्कार ठेवू या. त्यांचा चेहरा पडला. बैठक गुप्त असताना सत्कार कसा करणार, असं त्यांनी चाचरत विचारलं. मी म्हणाले, गुप्त सत्कार करू. माझ्या या विनोदावर मीच हसले आणि लगेच पाच शाली, पाच नारळांची ऑर्डर दिली. तुम्हाला अर्धा तास नक्की मिळेल, असा शब्दही दिला.

रविवारी अकरा वाजता सोसायटीच्या ऑफिसात खिडक्या लावून पाचही पुढारी जमले. सत्काराचं ऐकून वेळेवर आले होते. त्यांत एक नगरसेवक, व्यापारी संघाचे आणि गणेश मंडळाचे अध्यक्ष, आणि नेऱ्याच्या बाजूचे एक माजी सरपंच होते. पद जाऊन बरीच वर्षं झाली तरी सगळे त्यांना सरपंचच म्हणतात. त्यांच्या दोन्ही मुली माझ्या वर्गात होत्या. पाचहीजणांना साडेबाराला कुठेतरी भूमिपूजनाला जायचं होतं, हे आल्या आल्याच कळलं.

म्हणजे दीड तास होता. त्यात अर्धा तास सहज निघाला असता. पण मी घरून समई नेली होती. दीपप्रज्वलन झालं, मग स्वागत, मग एकेकाचा परिचय. सरपंचांच्या आजोबांनी गावच्या शाळेला स्वतःची जागा कशी दिली, ती गोष्ट मी अशी रंगवली की त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. मला फार बरं वाटलं. शाल, श्रीफळ, टाळ्या. सत्काराला प्रत्येकजण उत्तर देणार, ते तर ओघानेच आलं. गणेश मंडळाच्या अध्यक्षांना फोटो हवा होता. गुप्त बैठकीचे फोटो निघाले, आधी एकेकट्याचे, मग सगळ्यांचे मिळून.

केमिस्ट उभे राहिले तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. त्यांनी घसा साफ केला. चष्मा पुसला. "म्हणजे असं आहे बघा," म्हणाले आणि कार्बाइड कशापासून बनतं ते सांगू लागले. नगरसेवक मोबाईल बघायला लागले. व्यापारी संघाचे अध्यक्ष दोनदा घड्याळाकडे बघून झाले. सभा हातातून सुटायला लागली की सूत्रसंचालकाला ते आधी कळतं, आणि मला ते अजिबात सहन होत नाही. साडेबारा व्हायला अजून वेळ होता. खरं सांगायचं तर वेळेचा प्रश्नच नव्हता. बाईंचा कार्यक्रम रटाळ झाला असं बाहेर जाऊन कुणी म्हणेल, याची मला धास्ती होती.

माझा हात पर्समध्ये गेला. मी चिठ्ठी लिहिली आणि त्यांच्या कागदाशेजारी ठेवली.

त्यांनी ती वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांचं बोट कागदाच्या मध्यावर होतं, लाल रेघ बरीच खाली होती. मी मान हलवून हसले, म्हणजे नेहमीप्रमाणे, घ्या आता. "थोडक्यात, ही वस्तू धोक्याची आहे, आपण लक्ष घालावं," एवढं बोलून ते बसले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग आभार मीच मानले. चांगली सातआठ मिनिटं मानले. ऑफिस उघडून देणाऱ्या सेक्रेटरींचे मानले, पोहे करणाऱ्या शेजारणीचे मानले, ताजे नारळ दिल्याबद्दल दुकानदाराचे मानले. ती लाल रेघेची ओळ मला तोंडपाठ होती. म्हणायला दहा सेकंदही लागले नसते. ती माझ्या मनातसुद्धा आली नाही. चिठ्ठीचं एकवेळ मी स्वतःला समजावू शकेन, सवयीचा हात होता म्हणेन. या आभाराचं काय म्हणू, हे मला आजही कळलेलं नाही.

सगळे गेल्यावर केमिस्ट कागदी प्लेटा गोळा करत होते. कार्यक्रम बरा झाला ना, असं मी विचारलं. आले हेच खूप झालं, असं ते म्हणाले. पुढच्या आठवड्यात व्यापारी संघाच्या अध्यक्षांनी बाजारातला तसल्या बंदुकांचा एक स्टॉल उठवला असं कानावर आलं, तेव्हा आपल्या बैठकीचा परिणाम म्हणून मी ते चार ठिकाणी सांगितलंही.

भाऊबीज होऊन दोन दिवस झाले आणि सरपंचांच्या धाकट्या मुलीचा फोन आला. पेरूच्या झाडांवर माकडं येतात म्हणून वडिलांनी तसली बंदूक आणली होती. सकाळी उडवायला गेले तर बार झाला नाही. काय बिघडलं ते बघायला त्यांनी नळी डोळ्याशी धरली, आणि तेवढ्यात बार झाला. उजवा डोळा गेला, डावा वाचला. ती सांगत होती आणि माझ्या डोळ्यांसमोर लाल रेघ होती. "बाई, ऐकताय ना?" असं तिने विचारलं. मी हो म्हणाले.

त्यांना घरी आणल्यावर केमिस्ट आणि मी रिक्षाने भेटायला गेलो. सरपंच ओटीवर कॉटवर बसले होते, उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी. त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर सत्काराचा फोटो फ्रेम करून लावला होता. मला पाहून त्यांना आनंद झाला, ते उठायला लागले. मी त्यांना बसवलं.

"बाई, तुमी त्या दिवशी माझ्या आज्याचा सांगितला ना, ते आजून लक्षात हाय," ते म्हणाले. मग केमिस्टांकडे वळून, जरा ओशाळून म्हणाले, "भाऊ, तुमी पन बोललेले. धोक्याचा हाय बोललेले. पन कोयता पन धोक्याचाच असतंय. नीट वापरली म्हंजे झाला, असा मना वाटला."

चहा आला. मी तो घेतला, साखर जास्त झाली नाही ना असं मुलीने विचारलं त्याला उत्तर दिलं, आणि जे सांगायला हवं होतं ते न सांगता उठले. रिक्षात बसल्यावर मात्र केमिस्टना म्हणाले की मी चिठ्ठी दिली नसती तर हे झालं नसतं.

"मी बसायला नको होतं," ते म्हणाले. "चिठ्ठी काय, कागदच असतो. बसलो ना मी."

मला त्यांचा इतका राग आला. माझ्या वाट्याची चूक तरी माझ्याकडे राहू द्या, असं मी तावातावाने म्हणाले. रिक्षावाल्याने आरशातून मागे पाहिलं. केमिस्ट गप्प बसले, आणि मी त्यांना पुन्हा एकदा गप्प केलं आहे हे माझ्या लक्षात आलं.

संध्याकाळी मी त्यांच्याकडून तो कागद मागून घेतला. घडी उलगडली तर आत माझी चिठ्ठी होती. मुद्दाम ठेवलेली नव्हती, कागदाबरोबर घडीत गेली होती, असं त्यांनी सांगितलं.

आठ दिवस मी ती चिठ्ठी टेबलावर ठेवून तिच्या आजूबाजूने वावरले. दोन कार्यक्रमांना नाही म्हणाले, कारण घसा बसलाय असं दिलं. शेवटी एका दुपारी एकटीच पुन्हा सरपंचांकडे गेले. ते ओटीवर एकटे होते, मुलगी आत होती. मी बसले नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं: केमिस्टना अर्धा तास द्यायचं कबूल केलं होतं, तो मी खाल्ला, आणि ते मुद्द्यावर यायच्या आत त्यांना ही चिठ्ठी दिली. माझं निवेदन आयुष्यात पहिल्यांदा इतकं वाईट झालं असेल. शब्द मागेपुढे होत होते.

सरपंचांनी हात पुढे केला. चिठ्ठी घेऊन मान जराशी वळवली, डाव्या डोळ्यासमोर धरली आणि सावकाश वाचली.

"अक्षर तुमचाच ना?"

मी हो म्हणाले.

"चांगला हाय." त्यांनी चिठ्ठी गुडघ्यावर ठेवली. मग त्यांनी विचारलं, "मंग भाऊंचा काय सांगायचा ऱ्हायला?"

कागद पर्समध्ये होता, पण काढायची गरज नव्हती. "बार झाला नाही तर नळीत डोकावू नये," मी म्हणाले. "गॅस आत असतो आणि उशिरा पेटतो."

ते पुढचं ऐकायला थांबले. पुढे काही नाही हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ गेला.

"एवढाच व्हता?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, हो, एवढंच होतं.