नामंजूरकाकांचं सर्च इंजिन

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमधले नामंजूरकाका आयतं समोर आलेलं काहीही स्वीकारत नसत. सोसायटीच्या मीटिंगला साखर घातलेला चहा आला, की "माका कोणी इचारल्यान?" म्हणून कप परत. लग्नात वाढप्याने न विचारता मठ्ठा ओतला, की "नामंजूर!" स्वतःच्या लग्नाबद्दलही त्यांची तक्रार होतीच. "बायको लाखात एक होती रे. पण ठरवली वडिलांनी!"

काकू गेल्यावर कॅनडातल्या मुलाने त्यांना डेस्कटॉप कॉम्प्युटर घेऊन दिला. तो चालू केल्या केल्या काकांनी मला वर बोलावलं. मी पवईच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसतो, एवढ्यावर बिल्डिंगने मला इंजिनिअर करून टाकलं होतं.

"हे शोधायचं यंत्र आत कोणी बसवलं?"

"ते आधीपासूनच असतं, काका. सगळे तेच वापरतात."

"सगळे वापरतात म्हणून मी? नामंजूर. दुसरी दाखव."

मग एकेका सर्च इंजिनाची मुलाखत झाली. प्रश्न एकच: काकांच्या गावच्या जत्रेची यंदाची तारीख. बड्या इंजिनांनी तारीख तर सांगितलीच, वर गोव्यातली हॉटेलंही दाखवली. काका खवळले. "आमची जत्रा देवीचा कौल झाल्यावर ठरते. कौल अजून झालाच नाही, आणि ह्यांना तारीख कळली? लेकाचे थापाडे!" मी नावही न ऐकलेल्या एका बारक्या इंजिनाने मात्र 'काही सापडलं नाही' असं कबूल केलं. "हाच खरा माणूस. हाच लाव." ब्राउझरच्या यादीत ते नव्हतंच. मी सेटिंगमध्ये जाऊन हाताने पत्ता भरला आणि डिफॉल्ट करून दिलं. पुढे त्याला मुलुंड स्टेशनसुद्धा सापडेना, पण काका त्याच्या प्रामाणिकपणावर खूश होते.

महिन्याभरात ते आपोआप बदललं. काकांनी फुकटचं पंचांग उतरवून घेतलं होतं आणि त्याच्या आडून भलतंच सर्च इंजिन घरात शिरलं होतं.

"आधीच टिक केलेला चौकोन होता, काका. वाचला नाहीत?"

"वर गणपतीचा फोटो होता रे. गणपतीला नाही कसं म्हणू?"

जन्मात एकदा माणसाने मुकाट्याने होय म्हटलं, तर त्यातच वाट लागली. मी सगळं उपटून जुनं इंजिन परत लावलं.

मग मुलाचा फोन आला. फ्लॅटला गिऱ्हाईक बघितलंय, दिवाळीनंतर बाबांना कॅनडाला नेतोय. बिल्डिंग म्हणाली, झकास! काका या वेळी 'नामंजूर'सुद्धा म्हणाले नाहीत, म्हणून मी घाबरलो. त्यांना जायचं नव्हतं आणि एकटं राहणंही झेपत नव्हतं. जिन्यातून जाणारं कोणीतरी आत डोकावेल म्हणून ते दिवसभर दार उघडं टाकून बसायचे.

एका रविवारी त्यांनी मला वर बोलावलं. स्क्रीनवर त्यांनी स्वतः टाइप केलं होतं, 'ज्येष्ठांसाठी विवाह मंडळ'. त्या गरीब इंजिनाला एकच सापडलं होतं, घाटकोपरचं.

"जाऊन आलो. एक बाई आहेत, तिथल्याच, रिटायर्ड नर्स. दोनदा चहा झाला."

"साखर?"

"विचारून घातली," काका चक्क लाजले.

लग्न ठरल्याचं कळताच मुलगा फोनवर हबकला, "बाबा, मला विचारायचं तरी!" त्यावर काका इतके हसले, की मला खालच्या मजल्यावर ऐकू आलं. फ्लॅट त्यांनी विकला नाही, भाड्याने दिला.

लग्नानंतर बाईंच्या घरी राहायला निघाले त्या दिवशी ते टेम्पोत पुढच्या सीटवर, मॉनिटर मांडीवर घेऊन बसले होते. मला ते फार आवडायचे. डोळे भरून आलेच.

"रडतंस कित्या? घाटकोपराक चाललंय, कॅनडाक नाय."

"या वयात भीती नाही वाटत, काका?"

"वाटते ना," म्हणाले. "चल, सोड आता. उशीर झाला तर ती ओरडेल. तुझी काकू गेल्यापासून माझ्यावर कोणी ओरडलंच नाही रे."