बिनकानी ससा

चैत्रात माझी बायको सुमन गेली. घरात मी आणि नात उरलो.

ओवी सहा वर्षांची. आजीच्या पदराचं टोक मुठीत असल्याशिवाय तिला झोप येत नसे. आता ती आढ्याकडे बघत विचारायची, "आबा, अंधार दिवसा कुठं जातो?" मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. (मी तिला पांघरूण घातलं!) पुण्याला नोकरी करणाऱ्या सूनबाईचा, ओवीच्या आईचा फोन आला, "आठ दिवसांत झोपली तर ठीक, नाहीतर मी तिला इकडं आणते." म्हणजे घरात मी एकटा!

मग मी दिवा करायला बसलो. पुठ्ठ्याचा ससा, मागे बल्ब, भिंतीवर सावली. कापताना दोन्ही कान तुटले. दोऱ्याला टांगला, तर तो नाकावर कलंडू लागला. तोल साधायला मागे लांबलचक शेपूट चिकटवली. (विज्ञान!) ओवी म्हणाली, "ह्याच्या पोटात चांदण्या पायजेत." मी दाभणाने सशाच्या अंगभर भोकं पाडली.

दिवेलागणीला ससा खिडकीत टांगला, त्याच्या मागे खोलीच्या बाजूला बल्ब लावला. खोलीत सावली दिसेना! गेली कुठं, म्हणून मी पलंगाखाली वाकून पाहत होतो, तेवढ्यात समोरच्या कोंडाबाई ओरडल्या, "गुरुजी, दार लावा! आमच्या भिंतीवर बिबट्या हाय!"

"लई मोठा हाय बे! शेपूट बघ!" हा त्यांचा मुलगा दत्तू.

"आन् ठिपके!" गल्लीतली पोरं जमली होती.

"दगड हाण की!"

"तू हाण, मी दार धरतो!"

मी कडी घातली आणि ओवीला घेऊन थेट पलंगाखाली शिरलो.

"आबा, बिबट्याला कान असतेत का?"

"असतात. गप्प बस!"

"मग ह्याचे कावून तुटलेत?" ती केव्हाच निसटून खिडकीशी पोचली होती. तिने सशाचा दोरा हलवला.

"नाचायलाय बे!" दत्तू किंचाळला.

ओवी हसली. चैत्रानंतर पहिल्यांदा. मला पलंगाखालून बाहेर काढायला मात्र दत्तूलाच यावं लागलं.

त्या रात्री ती माझ्या सदऱ्याचं टोक धरून झोपली आणि पुण्याला जाणं टळलं. महिन्याभराने म्हणाली, "आबा, बंद करा ना, डोळ्यावर उजेड येतोय."

दिवा आता माझ्या उशाशी आहे. बंद केला की मला झोप लागत नाही.