शिवलेला ड्रॅगन

काल दिव्यांच्या धगीने ड्रॅगनच्या रबरी पोशाखात तोकिझो बेशुद्ध पडला, म्हणून आज त्यात दुसरा, तरणा नट शिरणार होता. तोक्योच्या या स्टुडिओत तोकिझोने उभी हयात राक्षस होऊन पुठ्ठ्याची शहरं तुडवली होती. पडद्यावर त्याचा चेहरा कधीच दिसला नव्हता.

सकाळीच तो ड्रॅगनमध्ये शिरला आणि शिवणकाम करणाऱ्या ओमित्सूला म्हणाला, "पाठ शिवून टाक. दुहेरी दोऱ्याने." तिने शिवून टाकली.

"म्हाताऱ्या, बाहेर ये! मरशील आत," दिग्दर्शक ओरडला.

"कापा की ड्रॅगन, साहेब," आतून आवाज आला. "पण हा एकच आहे."

ओमित्सूने कात्री कमरपट्ट्यात खोचली आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. अखेर दिग्दर्शकाने कॅमेरा सुरू करायला सांगितलं.

तोकिझोने पहिल्याच फटक्यात पुठ्ठ्याचा राजवाडा पाडला.