गोड्या पाण्याची बाटली

माझ्या आईच्या मामाइतका पाण्याच्या बाबतीत चोखंदळ माणूस ठाण्यापासून कल्याणापर्यंत दुसरा झाला नाही, आणि आता होईल असंही वाटत नाही. आई त्याला मामा म्हणायची म्हणून आम्हीही मामाच म्हणायचो. गड्याचा जन्म मिठागरावर गेला, पण सदऱ्याखाली कमरेला सुतळीनं बांधलेली काचेची बाटली कायम, आणि तिच्यात गोडं पाणी. वैशाखात आमच्या कोपरीच्या विहिरी मचूळ झाल्या की स्वारी येऊरच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत चालत जायची. भर उन्हात मीठ ओढताना जीभ टाळ्याला चिकटली तरी त्यातला घोट घेणार नाही. मी एकदा बाटली तोंडाला लावली, तर पाठीत असा धपाटा बसला की तहानच विसरलो. ‘‘हे प्यायचं पाणी नाय,’’ एवढंच म्हणाला.

कशासाठी होतं ते गावाला ठाऊक होतं. आम्हा ख्रिस्तांवांत तान्हं मूल बाप्तिस्म्यावाचून गेलं तर त्याला स्वर्ग नाही, असं तेव्हा सांगत. नरकही नाही, ते लिंबोत राहतं. तिथं दुःख नाही म्हणतात, पण देव दिसत नाही. अशा पोराला कबरस्तानातही जागा नाही, भिंतीबाहेर पुरायचं. मात्र मूल जगेलसं दिसत नसलं आणि पाद्रीबाबा लांब असले, तर कुणीही त्याच्या डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्म्याचे शब्द म्हणावेत अशी मुभा आहे. मामानं ही मुभा फारच मनावर घेतली होती. कुणाला दिवस गेल्याचं कानावर आलं की हा तिच्या घराभोवती घिरट्या घालायला लागे. माझ्या मावशीनं तर तोंडावर सांगितलं, बाबा रे, माझं सुखरूप व्हायचंय, तू आपला घरी बस. हा अंगणातल्या उखळावर जाऊन बसला, आणि आतून पोरानं टाहो फोडला तेव्हाच उठला. एकदा कळव्याला पाहुणा गेलेला असताना शेजारच्या आगऱ्याकडून कण्हणं ऐकू आलं. बाटली सोडवत धावला, तर गोठ्यात म्हैस व्यालेली. पाणी घातलं की नाही हे त्यानं शेवटपर्यंत कबूल केलं नाही, पण त्या रेडकाला अख्खा कळवा पेद्रू म्हणत होता.

आम्ही हसायचो. मामी कधी हसायची नाही. का, ते मला मोठेपणी आईनं सांगितलं. मामी पहिलटकरीण असताना मिठागराच्या बांधावरच बाळंत झाली, दिवस भरायच्या आत. मुलगी. श्वास लागलेला, रंग निळा पडत चाललेला. विहीर लांब. मामानं कोंडीतलं, मिठासाठी अडवलेलं खाडीचं पाणी ओंजळीत घेतलं, तिच्या डोक्यावर घातलं, शब्द म्हटले, मारी नाव ठेवलं. पोर तिथंच गेलं. पाद्रीबाबा फिरतीवर होते, त्यांच्यामागं देवळाचं, म्हणजे चर्चचं, सगळं तिथले मास्तर बघायचे. त्यांनी निकाल दिला, खाऱ्या पाण्यानं कुठं बाप्तिस्मा होतो का? मिठागऱ्याची अक्कल ती! मारीला भिंतीबाहेर पुरलं. मामी पुढं जन्मभर एकच विचारत राहिली, तिला देव दिसला असेल का हो. म्हणून मामानं बाटली बांधली.

पुढं मास्तर गेले, मामीही गेली. नवे पाद्रीबाबा घरं आशीर्वादायला आले तेव्हा मी तिथंच होतो. त्यांनी कौतुकानं बाटलीची चौकशी केली. मामानं सांगितलं, आणि भीत भीत विचारलं, गोडंच लागतं ना? पाद्रीबाबा म्हणाले, ‘‘विहिरीचं, पावसाचं, समुद्राचं, कुठलंही चालतं. पाणी ते पाणी.’’

मामा खाटेवर बसला. म्हणाला, ‘‘मग तिला सांगायला पायजे होतं.’’ मारीला नव्हे, मामीला. मला आजही ते आठवलं की मास्तरांचा राग येतो, मेलेल्या माणसाचा राग करू नये तरी येतो.

पाद्रीबाबा भले माणूस. मारीला कबरस्तानात आत आणू, मी स्वतः प्रार्थना म्हणतो, म्हणाले. मामा भिंतीपलीकडं गेला, तिथं पुरलेल्या पोरांच्या बुटक्या ढिगाऱ्यांमध्ये संध्याकाळपर्यंत बसला आणि परत येऊन नको म्हणाला.

‘‘ती पोचलीय ना वर? मग ऱ्हाऊ दे तिला हितंच. बाकीच्या पोरांचं पाणी ऱ्हायलं ते ऱ्हायलं. त्यांच्यात बाप्तिस्मा झालेलं एक तरी असू दे. त्यांच्यासाठी देवाला सांगंल ती.’’

मामाला आत पुरलं, मामीशेजारी. मृतांच्या दिवशी मी दोघांना मेणबत्ती लावतो आणि मग भिंतीला वळसा घालून बाहेर जातो. मारीचा ढिगारा कुठला हे दाखवणारं आता कुणी उरलं नाही. म्हणून सगळ्यांनाच लावतो.