तात्यांच्या छातीतलं पाणी

भूतबित, अंगात येणं... असल्या गोष्टींची मी कायम टिंगलच केली. इंदापूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो मी. आणि गंमत बघा, माझे वडील, तात्या, कळंबचे पाणाडे! आडवा नारळ तळहातावर घेऊन शेतभर फिरायचे. जिथं तो आपसूक उभा राहील तिथं विहीर खणायची. "तात्या, मनगट तुमचंच हलतंय," मी चिडवायचो. ते नुसते हसायचे.

नव्वदच्या दशकात त्यांना रक्ताचा कॅन्सर झाला. त्यातच फुप्फुसाभोवती पाणी साठलं. आडवं झालं की जीव गुदमरायचा, म्हणून वळकटीवर डोकं टेकून बसूनच झोपायचे. पाठ टेकून निवांत झोपावं, एवढंच मागणं उरलं होतं त्यांचं. बारामतीला डॉक्टरांनी पाठीतून सुई घालून बाटलीभर पाणी काढलं, एक्स-रे दाखवला... छाती स्वच्छ. आम्ही खुशीत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या म्हणाले, "नारळ घे. माझ्या हातात जोर न्हाय. पायापास्नं वर फिरीव."

आजारी माणसाचं मन राखायचं म्हणून फिरवला. पाय, पोट — काही नाही. उजव्या बरगडीवर आला आणि नारळ सरळ उभा राहिला. मी बोटं आवळली... तरी उभाच.

"आलं व्हय पानी?"

"न्हाय तात्या."

"मग नारळ एवढा घट्ट का धरलायस?" मग हसले. "शेतात लागलं असतं तर पेढं वाटलं असतं की रं."

दुपारपर्यंत धाप लागली. बारामतीचे डॉक्टर दोन्ही एक्स-रे शेजारी धरून म्हणाले, "काल तर काहीच नव्हतं." पुढंही तेच होत राहिलं — आधी नारळ, मग एक्स-रे. मला त्या नारळाची धास्तीच बसली.

शेवटच्या खेपेला तात्यांना धाप होती, गाडी सांगून ठेवली होती. नारळ बरगडीवर उभा होता. बघता बघता, माझ्या हातात, तो हळूच आडवा झाला.

"गेलं," तात्या म्हणाले. "वळकटी काढ."

आडवे झाले. श्वास एकदम संथ. आई आणि मी शेजारी बसून बघत होतो. उन्हं उतरेपर्यंत शांत झोपले... आणि झोपेतच गेले.

नंतर डॉक्टरांना हे सांगितलं तर म्हणाले, एवढं पाणी असं आपोआप जात नाही; आणि ते असताना पाठ टेकून झोपणं शक्यच नाही. मग ते गेलं कुठं? मला अजून कळलेलं नाही. आईला विचारलं तर ती एवढंच म्हणते, "निजलं न्हवं एकदाचं नीट."